निवड त्याची, मग वगळणंही त्याचंच

१९११च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कला ग्रँड सेंट्रल स्थानकाची नवी इमारत उभी राहत होती. जुनं पाडलेलं, नवं अर्धवट, आणि प्रवाशांनी त्या पसाऱ्यातूनच वाट काढायची. त्याच शहरात एका थिएटरच्या गच्चीवर दोन नट रोज रात्री या गैरसोयीवर एक प्रवेश करत. एक लिऑन एरल, ऑस्ट्रेलियात जन्मलेला गोरा विनोदी नट. तो व्हायचा वाट चुकलेला, पाय धड न टिकणारा प्रवासी. दुसरा बर्ट विल्यम्स, बहामा बेटांवर जन्मलेला काळा नट. तो लाल टोपीवाला हमाल. हमाल प्रवाशाला दोरी बांधून उंच लोखंडी तुळयांवरून नेतो. प्रवासी घसरतो, खाली लोंबकळतो, हमाल त्याला वर खेचून घेतो. पुन्हा घसरतो, पुन्हा खेचतो. बोलता बोलता हमालाला कळतं की एवढ्या जिवावरच्या कामाची बक्षिसी पाच सेंट आहे. त्यानंतर प्रवासी घसरतो तेव्हा हमालाच्या हातातली दोरी सैल होत जाते.

अमेरिकेत काळ्या माणसांना जमावाने फासावर लटकवण्याचे प्रकार सर्रास घडत होते, तो हा काळ. अशा वेळी एका गोऱ्या माणसाचा जीव काळ्या माणसाच्या हातातल्या दोरीवर टांगलेला असायचा आणि प्रेक्षक हसून हसून बेजार व्हायचे. प्रवेशाचं मूळ लिखाण थोडकं होतं. एरल आणि विल्यम्स यांनी ते प्रयोगागणिक वाढवत नेलं, आणि पुढे तो त्या रात्रीच्या कार्यक्रमातला सगळ्यांत लक्षात राहणारा भाग ठरला.

त्या कार्यक्रमाला आदल्या वर्षापर्यंत नुसतं 'फॉलीज' म्हणत. १९११मध्ये पहिल्यांदा त्याला नाव मिळालं 'झिगफेल्ड फॉलीज'. विल्यम्सचं नाही, एरलचंही नाही. नाव लागलं ते रंगमंचावर कधीच न दिसणाऱ्या माणसाचं, निर्माता फ्लॉरेन्झ झिगफेल्डचं.

एखाद्या प्रयोगाचं श्रेय निर्मात्याला किती द्यायचं, हा वाद नाटकाइतकाच जुना असेल. त्यात एका बाजूचे लोक म्हणतात, निर्माता म्हणजे पैशाची थैली. कला करतात ती नटमंडळी, लेखक, संगीतकार. दुसऱ्या बाजूला झिगफेल्डचे चरित्रकार आणि त्याच्यावर १९३६ साली निघालेल्या, ऑस्करविजेत्या हॉलिवुडपटासारखं भाबडं कौतुक. त्यांच्या मते अमेरिकन रिव्ह्यू, म्हणजे 'फॉलीज'सारखा सलग गोष्ट नसलेला नाच-गाणी-विनोदाचा कार्यक्रम, हे एकट्या झिगफेल्डचं स्वप्न. मला दोन्ही बाजू पटत नाहीत. निर्मात्याची निवड हीसुद्धा कला असते, आणि झिगफेल्डकडे ती कला अस्सल होती, असं माझं ठाम मत आहे. पण असं एकदा मान्य केलं की त्याच्यासोबत एक ओझंही येतं, आणि ते उचलायला त्याचे चाहते तयार नसतात. यश मिळालं की ती झिगफेल्डची दृष्टी. कुणाला दाराबाहेर ठेवलं याबद्दल विचारलं की 'तो काळच तसा होता'. जमेच्या बाजूला माणूस आणि खर्चाच्या बाजूला काळ, असा हिशेब कुठल्याही वहीत चालत नाही.

आधी जमेचं पाहू, कारण ते थोडं नाही.

रिव्ह्यू झिगफेल्डने शोधून काढला नाही. सलग गोष्ट नाही, नाच, गाणी, छोटे विनोदी प्रवेश, आणि चालू वर्षातल्या माणसांची नि घटनांची टर उडवणं, असा हा प्रकार पॅरिसमध्ये रुजलेला होता. न्यूयॉर्कमध्ये जॉर्ज लेडररने १८९४ साली कॅसिनो थिएटरात 'द पासिंग शो' लावला आणि अमेरिकन रिव्ह्यूची सुरुवात त्याच्यापासून मोजतात. पण पुढची बारा-तेरा वर्षं हा प्रकार इकडेतिकडे डोकावत राहिला, त्याची घडी बसली नाही. झिगफेल्डने ती बसवली, आणि ती कशी बसवली हे समजायला शिकागोला जावं लागतं.

झिगफेल्ड १८६७चा. वडील शिकागो म्युझिकल कॉलेजचे संस्थापक, अभिजात युरोपीय संगीताचे कडवे पुरस्कर्ते. १८९३ साली शिकागोत जागतिक प्रदर्शन भरलं तेव्हा वडिलांनी ट्रोकॅडेरो नावाचं संगीतगृह काढलं. लोक येईनात. मुलाने न्यूयॉर्कहून युजीन सँडो हा जर्मन शक्तिमान आणला. वजनं उचलणारे पहिलवान जत्रेत पैशाला पासरी होते. झिगफेल्डने लोकांना वजनाकडे बघू न देता सँडोच्या शरीराकडे बघायला लावलं. दिव्यांची योजना केली, अंगावर कपडे कमीत कमी ठेवले, आणि प्रयोगानंतर शहरातल्या प्रतिष्ठित घरच्या बायकांना आत बोलावून सँडोचे दंड चाचपू दिले. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत तेच. (हा सँडो पुढे १९०४-०५मध्ये हिंदुस्थानात दौरा करून गेला. आपल्याकडे बिनबाह्यांच्या बनियनला आजही आपण त्याच्याच नावाने हाक मारतो.) एखाद्या माणसात लोकांना नेमकं काय बघायचं आहे हे त्या माणसाच्याही आधी ओळखायचं आणि बाकी सगळं बाजूला सारून तेवढंच दाखवायचं, ही झिगफेल्डची विद्या. ती त्याला विसाव्या शतकाच्या आधीच साधलेली होती.

तीच विद्या त्याने १८९६मध्ये अ‍ॅना हेल्डवर वापरली. वॉर्सॉत जन्मलेली, लंडनच्या यिडिश (पूर्व युरोपातल्या ज्यूंची भाषा) रंगभूमीवर उमेदवारी केलेली, पॅरिसमध्ये नाव झालेली ही गायिका त्याने न्यूयॉर्कला आणली, आणि ती रोज दुधाने आंघोळ करते अशी आवई उठवली. बिल थकलं म्हणून एका दूधवाल्याने कज्जा केल्याची बातमीही छापून आणली. सगळं रचलेलं होतं. पण या गोष्टी सांगताना एक बाब घाईने सांगून टाकतात, ती मला थांबून सांगायची आहे. पॅरिसच्या फोली बेर्जेर या नाचगाण्यांच्या थिएटरातल्यासारखा कार्यक्रम न्यूयॉर्कमध्ये करावा, ही सूचना अ‍ॅना हेल्डची होती असं सर्वसाधारणपणे मानलं जातं. पॅरिसचे ते रंगमंच तिने आतून पाहिलेले होते. १९०७च्या पहिल्या 'फॉलीज'मधल्या कोरसच्या, म्हणजे घोळक्याने नाचणाऱ्या-गाणाऱ्या, मुलींनाही 'अ‍ॅना हेल्ड गर्ल्स' म्हणूनच जाहीर केलं होतं. ते नाव लवकरच गेलं. १९१८ साली ती वारली तेव्हा 'फॉलीज'ला लागलेलं नाव तिचं नव्हतं.

८ जुलै १९०७. न्यूयॉर्क थिएटरच्या गच्चीला पॅरिसचं नाव दिलेलं, जार्दँ द पारी. उन्हाळ्यात बंद थिएटरं भट्टीसारखी तापत, म्हणून गच्चीवरचे हे हंगामी कार्यक्रम. खर्च सुमारे १३,००० डॉलर, आणि झिगफेल्ड या वेळी मालकही नव्हता. क्लॉ आणि अर्लँगर या थिएटरमालकांकडे आठवड्याला २०० डॉलरवर काम करणारा व्यवस्थापक होता. कार्यक्रमाला धागा म्हणून पोकाहाँटस आणि कॅप्टन जॉन स्मिथ ही इतिहासातली जोडी त्या वेळच्या न्यूयॉर्कमध्ये फिरताना दाखवली, आणि त्या निमित्ताने राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्टसकट सगळ्यांना चिमटे काढले. कार्यक्रम चालला. दर वर्षी नवा 'फॉलीज' हा न्यूयॉर्कच्या उन्हाळ्याचा नेम झाला, १९१३पासून तो बेचाळिसाव्या रस्त्यावरच्या न्यू अ‍ॅमस्टरडॅम थिएटरात गेला, आणि थोड्याच वर्षांत एका वर्षीच्या 'फॉलीज'चा खर्च लाख डॉलरच्या पलीकडे पोहोचला.

या वाढीत झिगफेल्डने जे केलं त्याला मी कला म्हणतो. व्हिएन्नाहून आलेला वास्तुकार जोसेफ अर्बन बॉस्टनच्या ऑपेरासाठी नेपथ्य करायचा. ती ऑपेरा कंपनी बुडाली. १९१५मध्ये झिगफेल्डने त्याला धरला. तोवर रिव्ह्यूचं नेपथ्य म्हणजे चकचकीत पडद्यांचा ढीग. अर्बनने पडदे जमिनीवर पसरून ठिपक्याठिपक्यांनी रंगवले, म्हणजे दिव्याचा रंग बदलला की पडद्याचा रंग बदले. सबंध रात्रीला एक रंगयोजना मिळाली. ज्या कार्यक्रमाला कथा नाही त्याला एकसंधपणा कुठून द्यायचा, हा रिव्ह्यूचा मूळ पेच अर्बनने डोळ्यांच्या वाटेने सोडवला. पण अर्बनला बोलावणारा, त्याच्यावर पैसे लावणारा झिगफेल्ड होता. कपड्यांसाठी त्याने लंडनची नामांकित लुसिल निवडली, नाच बसवायला नेड वेबर्न. वेबर्न मुलींची उंचीनुसार वर्गवारी करी: बुटक्या, चपळ मुली नाचायच्या, उंच मुलींनी फक्त चालायचं. उभ्या जिन्यावरून, डोक्यावर आणि अंगावर किलो किलोचं वजन घेऊन, पायाकडे न बघता खाली उतरायचं. तोल सांभाळताना अंगाला जो एक डौल यायचा त्यालाच पुढे 'झिगफेल्ड चाल' म्हणू लागले. चालणं हेच काम आणि त्यासाठी तिकीट, हे आधी कुणाला सुचलं नव्हतं.

आणि क्रम. हे रिव्ह्यूचं खरं मर्म आहे. डोळे दिपवणाऱ्या एका मिरवणुकीनंतर प्रेक्षक सुस्तावतो. त्या क्षणी पडद्यापुढे एकटा विल रॉजर्स यायचा, हातात दोर फिरवत, च्युइंगम चघळत, त्या दिवशीच्या वर्तमानपत्रावर बोलायचा. मागे पुढच्या प्रवेशाचं नेपथ्य चढायचं. डब्ल्यू. सी. फील्ड्स, फॅनी ब्राइस, एडी कँटर, एड विन ही मंडळी या सांध्यांवर बसवलेली होती. झिगफेल्डला विनोदी नटांचं फार कौतुक नव्हतं, त्याचा जीव मिरवणुकीत. तरी त्यांच्यावाचून मिरवणूक सोसवत नाही एवढं त्याला नेमकं कळत होतं. आपल्याला स्वतःला न आवडणाऱ्या गोष्टीचं मोल ओळखणं ही मोठी गोष्ट आहे, आणि ती मोकळेपणाने मान्य केली पाहिजे.

नावाची ही रीत लगेच पसरली. 'फॉलीज'मध्ये नाचणारा जॉर्ज व्हाइट बाहेर पडला आणि १९१९पासून त्याने स्वतःच्या नावाने 'स्कँडल्स' काढले. १९२३मध्ये अर्ल कॅरलने स्वतःच्या नावाने 'व्हॅनिटीज'. प्रेक्षक आता निर्मात्याच्या नावावर तिकीट काढू लागला. 'स्कँडल्स'साठी १९२० ते १९२४ सलग पाच वर्षं जॉर्ज गर्श्विन नावाचा तरुण चाली बांधत होता. पाटीवरचं नाव व्हाइटचं.

आता खर्चाची बाजू.

'अमेरिकन मुलीचा गौरव' हे झिगफेल्डचं घोषवाक्य विसाच्या दशकात प्रत्येक जाहिरातीत असे. ती मुलगी कशी असावी हे तो मुलाखतींतून, लेखांतून वारंवार सांगे. मापं, उंची, चेहरा, चाल. आणि जिन्यावरून उतरणाऱ्या त्या शेकडो मुलींत एकही काळी नव्हती. हा नुसता सौंदर्यदृष्टीचा मामला म्हणून सोडून द्यायला मी तयार नाही. पूर्व आणि दक्षिण युरोपातून लाखो स्थलांतरित न्यूयॉर्कच्या बंदरात उतरत होते, आणि खरा अमेरिकन कोण यावर देश भांडत होता. १९२४मध्ये कायदा झाला आणि त्या लोकांसाठी दारं जवळजवळ बंद झाली, आशियातून येणाऱ्यांसाठी तर पुरतीच. त्याच वर्षांत बेचाळिसाव्या रस्त्यावर रोज रात्री जिन्यावरून उत्तर दिलं जात होतं: अमेरिकन मुलगी म्हणजे ही.

त्या रंगमंचावर स्थलांतरितांची मुलं नव्हती असं नाही. ती भरपूर होती. फॅनी ब्राइस ज्यू स्थलांतरितांची मुलगी, न्यूयॉर्कमध्येच जन्मलेली. म्हणजे कागदोपत्री पुरेपूर अमेरिकन. पण तिची जागा विनोदात. यिडिश हेल काढून ती प्रेक्षकांना हसवायची, सुंदर मुलींच्या मिरवणुकीची टिंगल करायची. १९२१ साली तिने फाटक्या कपड्यांत, दिव्याच्या खांबाला टेकून 'माय मॅन' गायलं आणि प्रेक्षागृह रडलं. तेव्हाही ती जिन्यावर नव्हती. कोण हसवणार आणि कोण पूजेला बसणार, याची वाटणी त्या रंगमंचावर स्पष्ट होती, आणि ती रोज रात्री तिकीट लावून शिकवली जात होती.

'काळच तसा होता' हे उत्तर इथे येतं. त्याला माझं उत्तर झिगफेल्डच्याच एका निर्णयात आहे.

१९१०मध्ये त्याने बर्ट विल्यम्सला 'फॉलीज'मध्ये घेतलं. विल्यम्स आणि त्याचा जोडीदार जॉर्ज वॉकर यांनी १९०३ साली 'इन दाहोमी' हे संपूर्ण काळ्या कलावंतांचं संगीतनाटक ब्रॉडवेच्या मोठ्या थिएटरात आणलं होतं, लंडनच्या राजवाड्यापर्यंत नेलं होतं. पुढे वॉकर आजारी पडला, जोडी मोडली. गोऱ्या कलावंतांच्या ब्रॉडवे कार्यक्रमात एका काळ्या नटाला बरोबरीची जागा, हे तोवर घडलेलं नव्हतं. गोऱ्या सहकाऱ्यांपैकी काहींनी आम्ही काम सोडू अशी धमकी दिली. झिगफेल्ड बधला नाही. तुमच्यापैकी कुणालाही बदलता येईल, याला नाही, अशा आशयाचं त्याने सुनावलं अशी कथा आहे. सोडून गेलं कुणी नाही. त्याच उन्हाळ्यात, ४ जुलैला, जॅक जॉन्सन या काळ्या मुष्टियोद्ध्याने गोऱ्या जेफ्रीजला हरवलं आणि देशभर दंगली उसळल्या, काळी माणसं मारली गेली. विल्यम्स 'फॉलीज'मध्ये राहिला. मधली एक-दोन वर्षं सोडली तर १९१९पर्यंत राहिला.

म्हणजे काळाच्या विरुद्ध जाता येत होतं. झिगफेल्डला ते येत होतं, त्याने ते केलं होतं, आणि त्यात त्याचं काही बुडालं नाही. उलट त्या वर्षांतल्या 'फॉलीज'च्या यशात विल्यम्सचा मोठा वाटा आहे. हा निर्णय त्याच्या चाहत्यांनी अभिमानाने सांगावा, मीही सांगतो. पण तो सांगितला की 'काळ' ही सबब संपते. १९१०मध्ये जो माणूस नाही म्हणू शकत होता, त्याने १९१४मध्ये काय केलं ते त्याच्याच खात्यावर लिहावं लागेल.

१९१३च्या हिवाळ्यात न्यूयॉर्कच्या हार्लेम या काळ्यांच्या वस्तीतल्या लाफायेत थिएटरात जे. लूब्री हिल या काळ्या संगीतकार-निर्मात्याचा एक कार्यक्रम गाजत होता. लोक त्याला 'डार्कटाउन फॉलीज' म्हणत. पहिल्या अंकाच्या शेवटी सगळी मंडळी एकामागे एक साखळी करून, गात, पाय सरकवत रंगमंचाच्या पुढून जायची, विंगेतून मागे वळायची, पुन्हा पुढे यायची. साखळी संपतच नसे. लेखक जेम्स वेल्डन जॉन्सन यांनी १९३०मध्ये हार्लेमच्या रंगभूमीचा इतिहास लिहिला, त्यात या नाचाचं वर्णन आहे. शहराच्या खालच्या टोकाकडचे गोरे रसिक हे बघायला रात्री हार्लेमला जाऊ लागले. झिगफेल्डही गेला. त्याने त्या नाचाचे हक्क विकत घेतले आणि १९१४च्या 'फॉलीज'मध्ये तो घातला. पैसे मोजून घेतला, चोरला नाही, हे नोंदवायला हवं. पण गोऱ्या कोरसला तो नाच बसेना. मग मूळ कार्यक्रमातली नर्तिका एथेल विल्यम्स हिला शिकवायला बोलावलं. तिने शिकवला. आमच्यापैकी एकालाही त्या कार्यक्रमात काम दिलं नाही, असं तिने पुढे सांगितलं.

मला हा प्रसंग वाचल्यापासून सुटत नाही. नाच हवा, नाच शिकवणारी हवी, तालमीच्या जागेपर्यंत ती चालते. पडदा उघडला की नको. तिकडे हार्लेममध्ये लोक तिला बघायलाच इतक्या लांब येत होते, म्हणजे प्रेक्षकांना ती नको होती असंही म्हणता येत नाही. इथे निवड झाली, आणि निवड करणं हेच झिगफेल्डचं काम होतं, त्यासाठीच तर त्याचं नाव पाटीवर होतं. एरवी धाग्याच्या रंगापर्यंत लक्ष घालणारा, कलावंतांना लांबलचक तारा करकरून बारीकसारीक चुका काढणारा हा निर्माता. याच एका बाबतीत त्याचं लक्ष नव्हतं, असं मी मानू शकत नाही.

यावर एक सरळ आक्षेप आहे आणि तो वजनदार आहे. निर्माता समाजसुधारक नसतो. त्याला दीडशे माणसांचे पगार द्यायचे असतात. एथेल विल्यम्सला जिन्यावर उभी केली असती, कार्यक्रम बंद पडला असता, तर त्या दीडशे घरांचं काय? मी हा आक्षेप झटकत नाही. नाटकाच्या धंद्यात एक पडलेला प्रयोग किती चुली विझवतो हे रंगभूमीशी संबंध असलेल्या कुणालाही माहीत असतं. पण झिगफेल्ड जोखमीला भिणारा माणूस नव्हता. दोनदा दिवाळखोरीच्या काठावर जाऊन आलेला, एका पोशाखावर, एका पडद्यावर डोळे मिटून पैसा ओतणारा जुगारी होता तो. रेशमासाठी त्याने जी जोखीम घेतली ती माणसांसाठी घेतली नाही. १९२१ साली 'शफल अलाँग' या काळ्या कलावंतांच्या संगीतनाटकाने न्यूयॉर्क डोक्यावर घेतलं. म्हणजे गोरे प्रेक्षक काळ्या मुलींचा नाच पाहायला पैसे मोजतात, याचा पुरावाच समोर आला. पुढच्या वर्षीच्या 'फॉलीज'मध्ये त्यावर एक गाणं होतं, जुना ब्रॉडवे आता काळा होत चालला आहे अशा आशयाचं. ते गायला पोलंडमध्ये जन्मलेली गोरी गिल्डा ग्रे.

आणि १९२७. झिगफेल्डने सहाव्या अ‍ॅव्हेन्यूवर अर्बनकडून स्वतःच्या नावाचं थिएटर बांधून घेतलं, आणि २७ डिसेंबरला तिथे 'शो बोट' उघडलं. जेरोम कर्नचं संगीत, ऑस्कर हॅमरस्टाइन दुसरा यांची संहिता. वंशभेद, मिश्र विवाह, मिसिसिपीच्या काठावरचे काळे हमाल, हे सगळं त्यात होतं. रंगमंचावर काळा कोरस आणि गोरा कोरस एकाच नाटकात. अमेरिकन संगीतनाटकाचा इतिहास या तारखेच्या अलीकडे आणि पलीकडे असा मोजतात, आणि ते नाटक उभं करण्याचं धाडस झिगफेल्डचं. त्यातसुद्धा क्वीनी या काळ्या स्वयंपाकिणीची भूमिका एका गोऱ्या नटीने तोंडाला काळं फासून केली. एकाच रात्री, एकाच रंगमंचावर, एकाच निर्मात्याच्या दोन निवडी. पहिली सांगताना त्याचं नाव घ्यायचं आणि दुसरीच्या वेळी ते गिळून टाकायचं, हे मला जमणार नाही.

हे सगळं शंभर वर्षांपूर्वीचं, आता त्याचं काय, असं कुणी म्हणेल. ब्रॉडवेवर सर्वोत्कृष्ट संगीतनाटकाचं टोनी पारितोषिक आजही निर्माते स्वीकारतात. थिएटरांना नावं लागतात त्यांत निर्माते आणि मालक ठळक असतात. नाच रचणाऱ्याचा, चाल सुचवणाऱ्याचा, तालमीत शिकवून विंगेतून परत जाणाऱ्याचा हक्क किती, यावरचे झगडे चालूच आहेत. झिगफेल्डच्या निमित्ताने मी एवढंच मागतो: निर्मात्याला लेखकाइतकं, दिग्दर्शकाइतकं मानायचं असेल तर खुशाल माना. त्याच्या चरित्रात 'दृष्टी' हा शब्द जितक्या वेळा येतो, तितक्याच ठळकपणे त्यात एथेल विल्यम्स, जे. लूब्री हिल, अ‍ॅना हेल्ड ही नावं यायला हवीत. तळटीप म्हणून नको. त्या दृष्टीने काय घेतलं आणि कुणाला सोडलं याचा पुरावा म्हणून.

बर्ट विल्यम्सचं नाव येतं, तो 'फॉलीज'चा तारा होता म्हणून. पण तोही आतला होता का? त्याच्या मूळ कातडीचा रंग फिकट होता. जळक्या बुचाची काजळी तोंडाला फासूनच त्याला रंगमंचावर जावं लागे, म्हणजे काळ्या माणसाने काळ्या माणसाचं सोंग करायचं. गोऱ्या सहकाऱ्यांबरोबर एकाच हॉटेलात उतरला तरी त्याला मागच्या बाजूच्या लिफ्टने वर जावं लागायचं. एडी कँटरला तो म्हणाला होता की तेही सोसलं असतं, पण तेव्हा कानात टाळ्या अजून घुमत असतात.

ऑगस्ट १९१९मध्ये न्यूयॉर्कच्या नटांनी संप केला. तालमींचे पैसे मिळत नसत, कोरसच्या मुलींना पायमोजे नि बूट पदरचे घ्यावे लागत. निर्मात्यांच्या या मनमानीविरुद्ध 'अ‍ॅक्टर्स इक्विटी' ही संघटना उठली होती. झिगफेल्ड कोर्टात गेला. एडी कँटरसारखी त्याचीच मंडळी काम थांबवून बाहेर पडली आणि 'फॉलीज' बंद झाला. महिनाभराने संप मिटला, नटांचं बरंचसं म्हणणं मान्य झालं, कोरसच्या मुलींची पहिल्यांदा स्वतःची संघटना उभी राहिली. पण संप 'फॉलीज'पर्यंत पोहोचला त्या संध्याकाळी बर्ट विल्यम्स नेहमीच्या वेळी न्यू अ‍ॅमस्टरडॅमला आला. रंगपटात बसून त्याने तोंडाला काजळी लावली, ढगळ कपडे चढवले, आणि आपल्या प्रवेशासाठी बाहेर आला. समोर सबंध थिएटर रिकामं होतं. संप आहे हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं, मालकांनीही नाही आणि नटांनीही नाही.